खडूच्या टेकडीवर पतंगांची रात्र: निघण्याआधी

दिव्याच्या सापळ्यात पतंग (फुलपाखरांचे रात्री उडणारे भाऊबंद) पकडून, नोंदवून पुन्हा सोडायचे असतील तर सामानाआधी रात्र निवडा. दक्षिण इंग्लंडमधल्या साउथ डाउन्सच्या खडूच्या टेकड्यांवर जून-जुलैतली ढगाळ, उबदार, वारा पडलेली रात्र हवी. लख्ख चांदण्यात दिव्यावर पतंग कमी येतात. जमीनमालकाला आठवडाभर आधी विचारा. जागा संरक्षित असेल तर वेगळी परवानगीही काढावी लागते. जवळपास वस्ती असेल तर तिथेही सांगून ठेवा, नाहीतर मध्यरात्री टेकडीवरचा निळसर उजेड पाहून कुणीतरी पोलिसांना बोलवायचं.

आमचा सापळा रॉबिन्सन पद्धतीचा, म्हणजे वर दिवा आणि खाली पतंग आत पडतील असं गोल पिंप. त्याला १२५ वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा, चोक, जनरेटर आणि लांब वायर लागते. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते, म्हणून वरचं झाकण विसरू नका. पेट्रोल जास्तच घ्या, कारण हा दिवा एकदा विझला की गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. त्याच्याकडे टक लावून बघू नका, डोळ्यांना बाधतो. सापळ्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भरायचे. खाचांमध्ये पतंग निवांत बसतात. (आमच्याकडे वर्षभर ऑम्लेट होण्याचं खरं कारण हेच.)

दिव्याला न भुलणाऱ्यांसाठी गोड चिकट लेप न्या. इथले लोक ट्रीकल (साखरेचा काळा, घट्ट पाक), ब्राउन शुगर आणि बिअर उकळून, वर थोडी रम घालून तिन्हीसांजेला कुंपणाच्या खांबांना फासतात. मी ट्रीकलऐवजी कोल्हापूरची काकवी वापरते. अजून कुणा पतंगाची तक्रार नाही.

पँट मोज्यांत खोचा. मेंढ्या चरतात त्या गवतात गोचीड असतात, आणि पहाटेच्या दवाने बूट चिंब होतात. स्वेटर, टॉर्च, चहाचा थर्मास हे सांगायला नकोच.

गजर मात्र चारचा लावाच. जूनमध्ये सूर्य पाचच्या आधी उगवतो. गेल्या वर्षी मी गाडीत अर्धा तास जास्त झोपले. सापळ्यापाशी पोचले तर रॉबिन पक्षी काठावर बसलेला, आणि गवतात एलिफंट हॉकमॉथ या पतंगाचे गुलाबी-हिरवट पंख तेवढे उरलेले. धड गायब. तेव्हापासून ट्रे एकेक उचलायचा, नावं वहीत लिहायची, नाव येत नसेल त्याचा फोटो, आणि मग प्रत्येकाला उंच गवताच्या आत, पक्ष्यांना दिसणार नाही असं सोडायचं.