माडाखाली पडलेली एस्टीम ड्रॅगला उतरवायची असेल तर

कोकणात दर दोन-चार वाड्यांत एखादी तरी एस्टीम, झेन नाहीतर आठशे माडाखाली नाहीतर मांगरात पडलेली असते, मालक मुंबईला, चावी काकांकडे, आणि गावातली पोरं म्हणतात "हिला ड्रॅग कार करूया", म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल कमीत कमी वेळात काढणारी गाडी. करता येते. फक्त सगळे सुरुवात इंजिनापासून करतात आणि पैसे तिथेच संपतात. आपल्याकडे काम उलट्या क्रमाने करायचं, आधी पत्रा, मग वजन, मग टायर-क्लच, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

मी एस्टीम धरून लिहितोय कारण ती हलकी आहे आणि तिचं काम जवळजवळ कुठल्याही मेस्त्रीला येतं. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) मॉडेलला १.३ लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, ८५ हॉर्सपॉवर, वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास.

गाडी विकत घ्यायच्या आधी एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन जा. पेंट बघून काही कळत नाही, वरून चकाचक आणि खालून चाळण असते. दाराखालचा सिल, स्टेपनीचा खड्डा, पुढच्या शॉकॉपचा टॉवर, लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) जिथे बॉडीला बसतो ती जागा आणि जॅक लावायची जागा, एवढ्या ठिकाणी हातोडीने हळूच वाजवा. धड पत्रा ठण्ण वाजतो, सडलेला भद्द आवाज करतो. मग तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा, आत गेला तर तिथे पत्रा नाहीच, पुट्टी आहे. सिल आणि स्टेपनीचा खड्डा सडला असेल तर चालतं, नवीन पत्रा बसवता येतो. टॉवर आणि लोअर आर्मची जागा दोन्ही गेली असतील तर ती गाडी सोडा, दुसरी बघा, कारण लाँचला, म्हणजे जागेवरून सुटताना, सगळा झटका तिथेच येतो.

सडलेला भाग पूर्ण कापायचा, अगदी चकचकीत पत्रा लागेपर्यंत, आणि सीओटू वेल्डिंगने नवीन तुकडा बसवायचा. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकतो. वरून झिंक प्रायमर, आणि सिलच्या आतल्या पोकळीत वॅक्स मारून घ्या कारण गंज आतूनच येतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाडीच्या खालून काळं ऑइल मारायची पद्धत आहे, ती ड्रॅगच्या गाडीला अजिबात नको, ऑइल ट्रॅकवर गळलं की तुम्हाला बाहेर काढतील, आणि सायलेन्सरवर गळलं तर आग.

वेळेचं पण गणित आहे. पत्रा आणि पेंट दिवाळी ते शिमगा या काळात उरकायचं. पावसात हवेत इतकी ओल असते की सकाळी घासलेला पत्रा संध्याकाळपर्यंत तांबडा होतो आणि पेंटवर पांढरी झाक येते. पावसाळ्याचे चार महिने छपराखाली इंजिन-गिअरबॉक्सचं काम काढा. आणि कुर्ल्याच्या स्क्रॅप मार्केटमधून गिअरबॉक्स, फ्लायव्हील, एक्सल असलं काही हवं असेल तर गणपतीला टेम्पो करून येणाऱ्या चाकरमान्याला आधीच गाठून ठेवा, फुकटात घरपोच येतं (मोदकाचं जेवण द्यावं लागतं ते वेगळं).

आता वजन. पाव मैल म्हणजे ४०२ मीटरला किती सेकंद लागतील याचा एक ठोकताळा आहे, ड्रायव्हरसकट वजन किलोत घ्या, त्याला हॉर्सपॉवरने भागा, त्याचं घनमूळ काढा आणि ७.५८ ने गुणा. टायर नीट पकडले तरच हा आकडा येतो, पण तुलनेला चांगला आहे. ८७५ ची गाडी अधिक ६५ चा ड्रायव्हर म्हणजे ९४० किलो, ८५ हॉर्सपॉवर, उत्तर येतं साधारण १६.९ सेकंद. हीच गाडी १०० किलोने हलकी करा, १६.३. आता वजन तसंच ठेवून त्यात जुन्या बलेनोचं १.६ चं ९४ हॉर्सपॉवरचं इंजिन टाका, तरी १६.३ च! एका बाजूला इंजिन, माउंट, वायरिंग असा मोठा खर्च, दुसऱ्या बाजूला नुसता पाना आणि दोन रविवार. मागची सीट, स्टेपनी, जॅक, एसीचं सगळं सामान, कार्पेट, त्याखालचं डांबरासारखं डॅम्पिंग, बाजूची सीट, ट्रिम, हे सगळं बाहेर. डॅम्पिंग छिन्नीने खरवडून काढावं लागतं, घाण काम आहे, पण ते काढल्यावर फ्लोअरचा लपलेला गंजही दिसतो. दाराच्या आतली आडवी पट्टी मात्र काढायची नाही, ती तुमच्या बरगड्यांसाठी आहे.

बॅटरी मागे डिकीत टाकायची फॅशन आहे, ती मागून ओढणाऱ्या गाड्यांची. एस्टीम पुढून ओढते. लाँचला वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकंच हलकी होतात, म्हणून पुढचं वजन पुढेच राहू द्या आणि हलकं करायचं ते मागून. मागच्या स्प्रिंग कडक करा म्हणजे गाडी बूड टेकून बसणार नाही. पुढच्या टायरची हवा दोन-दोन पीएसआयने कमी करत जा आणि बर्नआउटचा (जागेवरच चाकं फिरवून टायर तापवण्याचा) काळा पट्टा बघा, पूर्ण रुंदीचा सारखा पट्टा उमटला की तिथे थांबा, फक्त दोन्ही कडा काळ्या आणि मध्ये कोरं म्हणजे हवा जास्त उतरली. मागच्या टायरला उलट, हवा कडक. पुढून ओढणाऱ्या गाडीचा बर्नआउट हँडब्रेकवर होतो, आणि खाऱ्या हवेत हँडब्रेकची केबल आणि मागचे ड्रम हमखास जाम असतात, तेव्हा ते आधी मोकळे करून घ्या.

क्लच प्लेट-प्रेशर प्लेट नवीनच टाका. इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबर माउंट पण. डिफरेन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वेल्ड करून टाक असा सल्ला देणारा एक जण प्रत्येक गॅरेजमध्ये भेटतो. गाडी सरळ सुटते खरी, पण मग एक्सल तुटतात आणि नुसतं वळवून पार्किंगला लावताना पण स्टिअरिंगशी मारामारी होते. पैसे असतील तर लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं), नसतील तर आहे तसं राहू द्या.

मग इंजिन. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला थेट सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, आणि सकाळी क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजून बघा, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. चारही आकडे पुरेसे असतील आणि त्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल तर हाफ इंजिन (पिस्टन-रिंगचा खालचा भाग) काढायची गरज नाही. पेट्रोलची टाकी मात्र उतरवून धुवायचीच, आतल्या गंजाने पंप जातो.

कॉम्प्रेशन वाढवायला हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून प्लेन करतात. लेथवाला चिपळूणचा असो नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला, त्याला किती घ्यायचं तो आकडा लिहून द्या, "थोडं घ्या" म्हणू नका. हेड खाली आलं की कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचं) टायमिंग मागे सरकतं, म्हणून ॲडजस्टेबल कॅम पुली लागते, आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर पण कमी होतं. ते मोजायला पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळातली क्ले थापा, जुनी गॅस्केट घालून हेड कसा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, उघडा, क्ले ब्लेडने कापा आणि जिथे व्हॉल्व्हचा ठसा सगळ्यात खोल आहे तिथली जाडी मोजा. जाडी कमी वाटली तर पुढे जाऊ नका, मशीनवाल्याला दाखवा. फुल थ्रॉटलला एअर-फ्युएल (एक भाग पेट्रोलला वजनाने किती भाग हवा) १२.५ ते १३ च्या दरम्यान ठेवा, त्यासाठी सायलेन्सरच्या पाइपात बसणारा वाइडबँड सेन्सर लागतो, प्लगचा रंग बघून अंदाज बांधायचे दिवस गेले.

अर्थिंग विसरू नका. आपल्याकडे निम्म्या "ईसीयू गेला" (इंजिनाचा कॉम्प्युटर बिघडला) केसेस गंजलेल्या अर्थच्या असतात. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मल्टिमीटर लावा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी बदला आणि बोल्टखालचा पेंट घासा.

रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपचा सांगाडा) गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडून करायचा असेल तर पाइप सीमलेस घ्या, नळाचा जीआय पाइप नको. पाय प्लेट घालून धड पत्र्यावरच बसले पाहिजेत. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमात पाव मैल ११.४९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळात काढणाऱ्या जुन्या गाडीला रोलबार आणि १३.९९ किंवा त्याहून कमी वेळ काढणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं आहे, पण वीस-पंचवीस वर्षांच्या गंजक्या बॉडीत मी हेल्मेट, चांगला बेल्ट आणि फायर एक्स्टिंग्विशर पहिल्या दिवसापासून ठेवीन.

चालवायची कुठे? हायवेवर नाही आणि बीचवर तर नाहीच. रस्त्यावर रेस लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्याच वेळी ५,००० रुपये दंड नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणं हा वेगळा गुन्हा. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' होत आलेली आहे, तसल्या इव्हेंटला जा, आधी त्यांची नियमावली वाचा आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लायसन लागतं का ते विचारून घ्या. गाडी फ्लॅटबेडवरून न्या. तिकडची उंची सहाशे मीटरच्या वर आहे, हवा पातळ, त्यामुळे साध्या (टर्बो नसलेल्या) इंजिनाची सहा-सात टक्के ताकद तिथे पोचताच कमी होते. कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर समुद्रकाठी जुळवलेलं जेट तिथे रिच (पेट्रोल जास्त) पडेल, एक-दोन साइज बारीक जेट खिशात ठेवा. ट्रॅकवर सिग्नल हिरवा झाल्यावर तुम्ही किती उशिरा सुटलात ते ईटीत (पाव मैलाला लागलेल्या वेळेत) धरत नाहीत, घड्याळ चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशाच्या बीममधून बाहेर पडल्यावर सुरू होतं, म्हणून पहिल्या रनला दिव्याशी स्पर्धा करू नका. आरपीएम धरा, क्लच शांतपणे सोडा, वेळेची स्लिप मिळाली की टायरची हवा आणि सुटतानाचा आरपीएम तिच्याच मागे लिहून ठेवा आणि पुढच्या रनला दोन्हीतलं एकच बदला.