स्कूबासाठी जादा ओ-रिंग निवडताना

ओ-रिंग म्हणजे जोडातून गळती होऊ नये म्हणून बसवलेले रबरी कडे. शंभर मापांची मिसळ असलेली डबी घेऊ नका, त्यातल्या बहुतेक रिंगा कधीच लागत नाहीत. ऐनवेळी दगा देते ती बहुधा सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधली हवा श्वासाच्या दाबाला आणणाऱ्या उपकरणाच्या) जोडावरची. योक (शिकंज्याने आवळायच्या) व्हॉल्व्हला साधारणपणे ०१४ क्रमांकाचे माप लागते, डिन (आट्यांनी बसवायच्या) रेग्युलेटरला ११२. तुमच्याकडे जे असेल त्याच्या चार-पाच रिंगा जवळ हव्यातच.

मापापेक्षा चूक होते ती कडकपणात. या जोडावर ९० ड्युरोमीटरची (हे रबराच्या कडकपणाचे माप) रिंग हवी. ७० ची दिसते हुबेहूब तशीच, पण मऊ असते आणि २०० बारच्या दाबाखाली फटीत ढकलली जाऊन फाटू शकते. नळदुरुस्तीच्या सामानातली रिंग म्हणूनच नको, माप जुळले तरी.

साध्या हवेला नायट्राइल रबराची रिंग पुरते. ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या वर असेल तर व्हायटॉन किंवा ईपीडीएम या रबराची घ्या, आणि ग्रीसही ऑक्सिजनला चालणारेच. सिलिकॉन ग्रीस तिथे अजिबात नको. कॅमेऱ्याच्या हाउसिंगसाठी (पाण्यात कॅमेरा ठेवायच्या बंद पेटीसाठी) मात्र उत्पादकाचीच रिंग आणि त्याचेच ग्रीस घ्या, कारण सिलिकॉनची रिंग सिलिकॉन ग्रीसने फुगते. रेग्युलेटरच्या आतल्या रिंगा तंत्रज्ञावर सोडा.