खाडीकाठचा शनिवार-रविवार : आधी पंचांग उघडा

ठाणे आणि नवी मुंबई दोन दिवसांत बघायची, तर बहुतेक जण लोकलच्या वेळा आधी बघतात. माझं सांगणं आहे, आधी पाण्याच्या वेळा बघा. फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही भर दुपारी नेरूळच्या तळ्यावर पोचलो, तर तिथे एकही रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नव्हता. मग बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेलो. तिथल्या मावशी म्हणाल्या, "बाय, पाणी सुकलं, म्हणजे ओहोटी लागली, की पक्षी चिखलावर जातात. पंचांग बघून यावं." तेव्हापासून पाहुणे येणार म्हटलं की मी भिंतीवरचं कॅलेंडर काढते.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तशीच पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट. भरती दिवसातून दोनदा येते आणि मध्ये सहा तासांनी ओहोटी. खाडीत आतवर पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो, तेव्हा मोबाइलवर भरतीचं वेळापत्रकही एकदा पडताळून घ्या.

आता शनिवार-रविवार निवडा. महिना डिसेंबर ते एप्रिलमधला, आणि रविवारी द्वादशी किंवा त्रयोदशी. त्या दिवशी सकाळी नऊ-पावणेदहाला भरती असते, ऊन कोवळं असतं आणि भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, दिवस सरून पाणी उधाणाकडे चाललेलं असतं. अष्टमी-नवमीच्या आसपासची भांगाची भरती बेताचीच असते.

शनिवारी ऐरोली. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची वाशी किंवा पनवेल गाडी पकडा, ऐरोलीला उतरून रिक्षा करा आणि किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सांगा. इथून खाडीत बोट जाते. फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटी पाहून ठरतात, त्यामुळे आरक्षण आधीच करा आणि बाकीचा शनिवार मिळालेल्या फेरीभोवती बसवा. ठाणे खाडीचा हा सुमारे 1,690 हेक्टरचा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. बोटीत बसल्यावर मात्र आकडे विसरा आणि चोच बघा. रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो आणि चिखलपाणी गाळून शेवाळ, बारीक जीव खातो. त्या खाण्यातूनच त्याला गुलाबी रंग येतो. थव्यात राखाडी पक्षी दिसले तर ती वयात न आलेली पिल्लं, दुसरी जात नव्हे.

संध्याकाळ ठाण्याची. भूक लागली असेल तर स्टेशनजवळ तहसील कचेरीपाशी मामलेदारची मिसळ खा, पण सवय नसेल तर कमी तिखटच मागा. तिथून चालत तलावपाळी. कौपिनेश्वराचं दर्शन घ्या आणि मासुंदा तलावाला एक निवांत फेरी मारा. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी 34 किलोमीटर धावून या ठाण्यातच थांबली होती. पुढे खाडी होती. पूल झाल्यावर 1854 मध्ये रूळ कल्याणला पोचले.

रविवारी सकाळी घर सोडण्याआधी मेगाब्लॉक आहे का ते बघा. हे विसरलात तर सगळी भरती फलाटावरच निघून जाईल. सीवूड्स-दारावेला उतरून रिक्षाने नेरूळचं ते तळं, म्हणजे डीपीएस तळं गाठा, आणि तेही पूर्ण भरतीच्या तासभर आधी. खाडीतला चिखल पाण्याखाली जायला लागला की रोहित थव्याथव्याने इकडे विसाव्याला येतात. उडताना पंखांखालचा लालबुंद-काळा पट्टा दिसतो, तो बसलेल्या पक्ष्यात सहसा दिसत नाही. काठावर शांत उभे राहा, भडक कपडे नकोत, ड्रोन तर अजिबात नको. या तळ्यात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली की तळं सुकतं आणि पक्षी येईनासे होतात. तिथे भराव किंवा राडारोडा दिसला तर फोटो काढून महापालिकेला कळवा. हे मी कळकळीने सांगते, कारण हे तळं गेलं तर भरतीच्या वेळी या पक्ष्यांनी टेकायचं कुठे?

दुपारी बेलापूरजवळ दिवाळे कोळीवाड्यात ताजी मासळी बघा, जवळपास जेवून घ्या.

चारच्या सुमाराला ओहोटी लागलेली असेल, तेव्हा वाशीच्या सागर विहारला या. सकाळी जे पाण्याखाली होतं ते आता उघडं पडलेलं असतं. तिवरांच्या बुंध्याभोवती पेन्सिलीएवढी मुळं चिखलातून सरळ वर आलेली दिसतील. झाड त्यांच्यातून श्वास घेतं. त्यांच्या मधल्या चकचकीत चिखलावर पाच मिनिटं नजर ठेवा. आधी काहीच हलत नाही. मग बोटाएवढी निवटी, म्हणजे चिखलावर सरकणारा मासा, दोन पुढच्या परांवर रेटा देत पुढे सरकते, डोळे वर काढून थांबते आणि आपली सावली पडली की टुणकन बिळात जाते.