पगार ते पगार: बँकेच्या मेसेजवर महिना कसा काढायचा

पगार तुटपुंजा असला की खर्चाची डायरी, एक्सेल, बजेटचं ॲप, सगळं दोन आठवड्यांत बंद पडतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, दिवसभर राबून आल्यावर भाजीचे ४० रुपये कोण टाइप करत बसणार. पण एक हिशोब बँक तुम्हाला आपणहून लिहून पाठवत असते. पैसे गेले, आले, आणि मेसेजच्या शेवटी बऱ्याचदा उरलेला बॅलन्स. आपण तो बघतो आणि "हां, पैसे गेले" म्हणून पुढे सरकवतो. त्याच मेसेजवर महिना कसा काढायचा ते सांगते.

१. आधी मेसेज येतात का ते बघा

इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी ग्राहकाची एसएमएस अलर्टसाठी नोंदणी करून घ्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना सांगितलंय. तरी कित्येकांचा जुना नंबर बँकेत तसाच पडलेला असतो, किंवा नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर दिलेला असतो, मग लाडकी बहीणचे पैसे आले की नाही ते विचारत बाई बँकेत रांग लावते आणि मेसेज मुलाच्या फोनमध्ये. नंबर बदलायला पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा, एकदाच काय ती कटकट. रिचार्ज संपवून सिम तसंच ठेवू नका, मेसेज बंद होऊ शकतात.

दुसरं, प्रत्येक पैशाचा मेसेज येईलच असं धरू नका. उदाहरणार्थ एचडीएफसी बँकेने २५ जून २०२४ पासून १०० रुपयांच्या आतल्या यूपीआय पेमेंटचे आणि ५०० च्या आत आलेल्या पैशांचे एसएमएस बंद केले, ईमेल मात्र येतो. म्हणजे चहा, वडापाव, रिक्षा, मेसेजमध्ये काहीच दिसत नाही आणि महिन्याचे हजार-दोन हजार तिथेच जातात. यावर उपाय पुढे आहे.

२. कापले जाणारे पैसे शोधून काढा

फोनच्या मेसेजमध्ये आपल्या बँकेचं नाव टाकून सर्च करा आणि मागच्या दोन-तीन महिन्यांत आपण हाताने न केलेलं काय काय कापलं गेलं ते एका कागदावर तारखेसकट लिहा. हप्ता, भिशी, ओटीटीचं ऑटोपे, मेसेजचा चार्ज, डेबिट कार्डची वर्षाची फी आणि त्यावर जीएसटी. मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर घाबरू नका, ते जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे असतात, खातं उघडताना कधीतरी सही केलेली असते. विमा हवा असेल तर उत्तमच, फक्त मे महिन्यात तेवढे पैसे बाजूला धरा.

मिनिमम बॅलन्स ठेवला नाही तर दंड लागतो का, ते पण विचारून घ्या. स्टेट बँकेने २०२० मध्ये बचत खात्याचा हा दंड काढून टाकला, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनीही काढून टाकला, पण बऱ्याच खासगी बँकांत तो अजून आहे. जनधन खात्याला ही भानगडच नाही.

३. मेसेजमधला बॅलन्स म्हणजे तुमचे पैसे नाहीत

सगळ्यात महत्त्वाचं हेच, बाकी जमलं नाही तरी एवढं करा. समजा पगार ७ तारखेला होतो, घरभाडं, किराणा देऊन झालं आणि १६ तारखेला सकाळी मेसेजमध्ये बॅलन्स ९,६४० दिसतोय. माणूस खूश, अजून साडेनऊ हजार आहेत की. आता दुसऱ्या पायरीचा कागद काढा आणि पुढच्या पगाराआधी जाणारं सगळं वजा करा: गाडीचा हप्ता २,८५०, भिशी १,०००, गॅस सिलेंडर साधारण ९००, रिचार्ज २९९, आणि बँकेचा मिनिमम बॅलन्स १,०००. झाले ६,०४९. हातात राहिले ३,५९१. महिना ३० दिवसांचा धरला तर १६ पासून पुढच्या ६ तारखेपर्यंत २१ दिवस, म्हणजे दिवसाला १७१ रुपये. मेसेजमधल्या आकड्याला २१ ने भागलं असतं तर ४५९ आले असते, आणि आपण तसेच खर्च करत असतो, म्हणूनच २५ तारखेला शेजारी हात पसरावा लागतो.

हे रोज करायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, दोन मिनिटं, फोनच्याच कॅल्क्युलेटरवर. रिक्षा चालवणारे, हातगाडीवाले, ज्यांचे पैसे रोज येतात त्यांनी पगाराच्या तारखेऐवजी पुढच्या हप्त्याची तारीख धरावी आणि रोज हप्त्यापुरते किती टाकायचे ते काढावं.

४. एक रेषा ठरवा

बऱ्याच बँकांच्या नेटबँकिंगमध्ये, काहींच्या ॲपमध्ये, अलर्टच्या सेटिंगला बॅलन्स अमुक रकमेखाली गेला की मेसेज पाठवा असा पर्याय असतो. तिथे १,००० टाकू नका, तेव्हा फार उशीर झालेला असतो. वरच्या उदाहरणात मिनिमम बॅलन्स धरून ६,०४९ ना हात लावता येत नाही, तर रेषा ७,००० ला. तो मेसेज आला की बाहेरचं खाणं, ऑनलाइन ऑर्डर बंद. पर्याय नसेल तर आकडा कागदावर लिहून कपाटाला चिकटवा, घरातल्या सगळ्यांना दिसू दे.

५. बारीक खर्चाला यूपीआय लाइट

आता त्या न दिसणाऱ्या वडापावचं. यूपीआय ॲपमध्ये लाइट, म्हणजे छोट्या पेमेंटचं वेगळं पाकीट, सुरू करा, त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि एक पेमेंट १,००० पर्यंत, पिन लागत नाही. सोमवारी आठवड्याचे ठरलेले पैसे, समजा ७००, त्यात टाका. खात्यातून एकदाच ७०० गेलेले दिसतात, पुढचं चहापाणी त्यातून, आणि गुरुवारीच संपले तर संपले, रविवारपर्यंत थांबायचं. पुन्हा भरायचा मोह होतो, तिथे मन घट्ट करायला लागतं, त्याला ॲप काही करू शकत नाही. पिन नसल्यामुळे फोनला लॉक मात्र हवाच.

६. हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी

ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती वाचा, नको असलेलं ऑटोपे तेव्हाच ॲपमध्ये जाऊन रद्द करता येतं. कर्जाच्या हप्त्याचं तसं नाही. तो बाउन्स झाला तर बँक दंड लावते, फायनान्सवालाही वेगळा लावतो, वर जीएसटी आणि सिबिल खराब. पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात ठेवा, काहींचा हप्ता सकाळी लवकर मारला जातो. आणि नवीन कर्ज घेताना हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घ्या, नंतर बदलून मिळेलच असं नाही.

बॅलन्स बघायला दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये जाऊ नका, तेही महिन्याच्या फुकट व्यवहारांत मोजलं जातं आणि ते संपले की पुढच्या पैसे काढण्याला २३ रुपयांपर्यंत चार्ज लागतो. यूपीआय ॲपमध्ये बघा, किंवा बँकेच्या मिस्ड कॉल नंबरवर कॉल द्या, तो नंबर पासबुकवरून नाहीतर शाखेतून घ्या, गुगलवरून नाही, तिथे चोरांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात.

७. खोटा मेसेज, आणि खरा पण अनोळखी

"तुमच्या खात्यात ५,००० जमा" असा मेसेज येतो आणि लगेच फोन, ताई चुकून आले, परत पाठवा ना. मेसेजवर विश्वास ठेवू नका, ॲप उघडून बॅलन्स बघा. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला मेसेज बँकेचा नसतो. बँकेचा मेसेज नावाने येतो आणि आता त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, एस किंवा टी असेल तर सेवा-व्यवहाराचा, पी असेल तर जाहिरात. हे अक्षर बघूनही खात्री वाटली नाही तर पुन्हा ॲपच.

उलट खरंच पैसे गेले आणि तुम्ही केलेलं नाही, तर उद्या बघू म्हणू नका. लगेच बँकेला कळवा, तक्रार नंबर घ्या आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. २०१७ च्या त्याच नियमात आहे की चूक ना तुमची ना बँकेची, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार येत नाही, चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ठरावीक रकमेपर्यंत येतो, त्यानंतर बँकेच्या धोरणावर. ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. तो मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, तक्रारीत तारीख आणि वेळ विचारतात.