एक्स्टेन्शन बोर्ड वापरताना सॉकेट नव्हे, वॅट मोजा

भिंतीवरच्या एका सॉकेटला सहा सॉकेटचा बोर्ड लावला की प्लग खुपसायला सहा जागा मिळतात. वीज मात्र एकाच प्लगमधून आणि एकाच वायरीतून येते. बोर्ड विकत घेताना आपण सॉकेट किती आहेत ते पाहतो, दुकानदारही तेच दाखवतो. खरं पाहायचं असतं ते अँपिअर, म्हणजे बोर्ड किती प्रवाह सोसू शकतो तो आकडा.

१. आधी बेरीज करा

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. नेहमीचा बारीक तीन पिनांचा प्लग ६ अँपिअरचा (जुन्या भाषेत ‘पाच अँपिअर’), जाड पिनांचा १६ अँपिअरचा (‘पंधरा अँपिअर’ किंवा ‘पॉवर प्लग’). व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट मिळतात. म्हणजे ६ अँपिअरच्या बोर्डावर एका वेळी जास्तीत जास्त १३८० वॅट. मी हजार-अकराशेच्या पुढे जात नाही. बोर्ड स्वस्तातला असेल तर आणखी कमी.

आता घरातल्या वस्तू उलट्या करून त्यांच्यावरचे वॅट वाचा. मोबाइलचा चार्जर २०, लॅपटॉपचा ६५, राउटर १०-१२, टीव्ही शंभराच्या आसपास. हे सगळं एका बोर्डावर लावलं तरी दोनशेच्या आत-बाहेर. सहाही सॉकेट भरलेले दिसतात, पण धोका नाही. याउलट इस्त्री १००० आणि मिक्सर ७५०, दोनच प्लग, बेरीज १७५०. बोर्डाची मर्यादा ओलांडली. १५०० वॅटची पाण्याची किटली तर एकटीच ओलांडते.

२. फ्यूज उडेल, यावर विसंबू नका

‘जास्त झालं तर एमसीबी पडेलच की’ हे उत्तर घरोघरी ऐकू येतं. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा खटका, भिंतीतल्या वायरिंगला सांभाळतो. तुमच्या बोर्डाची वायर किती बारीक आहे हे त्याला कळत नाही. समजा सॉकेटला मागून १६ अँपिअरचा एमसीबी आहे आणि पुढे ६ अँपिअरचा बोर्ड. बोर्डातून १२ अँपिअर वाहू लागले तरी एमसीबीच्या हिशेबाने सगळं ठीक चाललेलं असतं. इकडे वायर तापत असते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. ६ चे १२ अँपिअर झाले म्हणजे वायरीत चौपट उष्णता.

म्हणून ज्या बोर्डाला स्वतःचा फ्यूज किंवा जास्त भार आल्यावर बाहेर उडणारं छोटं रीसेट बटण असतं, तोच घ्यावा. ते बटण वारंवार उडत असेल तर ते दाबून ठेवण्याऐवजी एक वस्तू काढा.

३. विकत घेताना वाचा

बोर्डावर अँपिअर छापलेले नसतील तर तो परत ठेवा. आयएसआयची खूण पाहा, आणि ती नेमकी कशावर आहे हेही पाहा. प्लग-सॉकेटसाठी मानक आयएस १२९३, पीव्हीसी वायरीसाठी आयएस ६९४. वायरीवर खूण आहे म्हणून सॉकेटवरही असेल असं नाही. खुणेसोबतचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो.

वायर तांब्याची हवी. ६ अँपिअरला किमान ०.७५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरला किमान १.५. हा आकडा वायरीवरच छापलेला असतो. लांबी हवी तेवढीच घ्या. दहा मीटरची घेऊन आठ मीटर गुंडाळी कोपऱ्यात ठेवली, तर भार वाढल्यावर गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. रीळवाली वायर जड वस्तूला वापरायची असेल तर ती पूर्ण सोडूनच.

‘स्पाइक गार्ड’ हा शब्द हल्ली कुठल्याही बोर्डावर असतो. विजेच्या अचानक झटक्यांपासून खरोखर संरक्षण देणाऱ्यात एमओव्ही नावाचा भाग असतो आणि खोक्यावर ज्यूलचा आकडा दिलेला असतो. हा भाग झटके खात खात झिजतो, आणि घराला अर्थिंग नसेल तर त्याचा बराचसा उपयोग जातो. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की टीव्ही आणि राउटरचा प्लग उपसून ठेवणं हे कुठल्याही स्पाइक गार्डपेक्षा खात्रीचं.

४. या वस्तू बोर्डावर नकोतच

गिझर, एसी, इंडक्शन शेगडी, रूम हीटर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन आणि पाण्यात सोडायचा हीटर. फ्रिजही यातच धरा. तो चालताना थोडेच वॅट घेतो, पण काँप्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतो, शिवाय तो दिवसरात्र चालतो. या सगळ्यांना भिंतीवरचा स्वतःचा पॉइंट हवा.

दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारा ‘कन्व्हर्टर’, म्हणजे जाड पिनेचा प्लग बारीक सॉकेटमध्ये बसवणारा तुकडा, हा माझ्या मते घरातला सगळ्यात वाईट शोध. जाड पिन मुद्दाम जाड केलेली असते, ती ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जाऊच नये म्हणून.

बोर्डाला बोर्ड जोडू नका. उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्या खुपसून सॉकेटमध्ये अडकवण्याची पद्धत तर आजच बंद करा. आणि टू-पिन बसत नाही म्हणून वरच्या भोकात पेन घालू नका. ते भोक अर्थिंगचं, तिथली लांब पिन आत गेल्यावरच खालची झाकणं उघडतात. लहान मुलांची बोटं आणि सळ्या आत जाऊ नयेत म्हणून ती सोय आहे.

५. जागा

गालिच्याखाली, गादीमागे, दाराच्या फटीतून वायर नको. ओट्याजवळ, मोरीजवळ, खिडकीच्या पावसाळी बाजूला बोर्ड नको. फरशीवर ठेवलेल्या बोर्डावर पोछा फिरतोच, तेव्हा तो भिंतीला टांगा. वायर खिळ्याने ठोकू नका. तळमजल्यावर किंवा गावाकडे उंदीर असतील तर कपाटामागची वायर अधूनमधून ओढून पाहा. कुरतडलेल्या वायरीला चिकटपट्टी हा इलाज नव्हे.

६. हात लावून पाहा

इस्त्री किंवा मिक्सर वापरून झाला की खटका बंद करा, प्लग काढा आणि प्लगला हाताची मागची बाजू लावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर एक तर भार जास्त आहे किंवा सॉकेटमधली पकड सैल झाली आहे. सैल पकड वाईटच, कारण तिथे भार कमी असतानाही ठिणग्या पडतात. पिवळट-तपकिरी डाग, वितळलेलं प्लॅस्टिक, चरचर आवाज, जळका किंवा मासळीसारखा वास, यापैकी काहीही दिसलं तर तो बोर्ड दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या.

७. गणपती आणि दिवाळी

मखरामागे बोर्ड लपवायचा मोह सगळ्यांना होतो. तिथेच कापडी पडदे, कागदी फुलं आणि समई. बोर्ड मखराच्या बाजूला, हात पोहोचेल असा ठेवा, कापडापासून दूर. माळा एलईडीच्या घ्या, जुन्या बल्बच्या माळांपेक्षा त्या फार कमी वीज घेतात आणि तापतही नाहीत. आरतीला सगळे पुढे सरकतात, तेव्हा वायर पायात येणार नाही अशी भिंतीलगत न्या. आकाशकंदिलाची वायर बाल्कनीतून जाते. जोड घराच्या आत ठेवा, उघड्यावर नको. रात्री झोपताना सगळं बंद करा.

८. धूर आला तर

आधी मेन स्विच बंद. पाणी ओतू नका. मेन बंद करता येत नसेल तर बोर्डाला हात न लावता माणसांना बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. घरात एबीसी पावडरचा छोटा अग्निशामक असेल तर तो विजेच्या आगीवर चालतो.

९. बोर्ड कायमचाच झाला असेल तर

सहा महिने एकाच जागी पडलेला बोर्ड म्हणजे त्या भिंतीला पॉइंट कमी आहे. वायरमनला बोलावून तिथे १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घ्या. त्याला तीन गोष्टी सांगा: वायर किमान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, पॉइंटला स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग मोजून दाखव. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. शॉक बसल्यावर वीज तोडण्याचं काम तो करतो, एमसीबी नाही. वायरमनचं काम झालं की आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण त्याच्यासमोर दाबा. वीज गेली पाहिजे.