हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत: सोळा आठवड्यांत वेळ कशी सुधारावी

पहिली हाफ मॅरेथॉन पूर्ण झाली की पुढच्या वर्षी वेळ कमी करायची ओढ लागतेच. २१.०९७५ किलोमीटर २ तास २० मिनिटांत म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ३८ सेकंदांचा पेस. तेच अंतर सव्वादोन तासांत कापायचं तर ६:२४. फरक किलोमीटरमागे फक्त १४ सेकंदांचा, पण ते चौदा सेकंद एकवीस वेळा वाचवायचे असतात आणि शेवटच्या सात-आठ वेळा पाय जड झालेले असताना. म्हणून हौशी रनरने एका हंगामात पाच मिनिटं मागावीत. वीस मिनिटं मागणाऱ्यांपैकी बरेच जण डिसेंबरमध्ये फिजिओथेरपिस्टकडे बसलेले दिसतात.

इथे जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबईची शर्यत धरून चाललो आहोत. आठवड्याला चार दिवस सकाळचा वेळ काढू शकणारा, सध्या २:२० च्या आसपास धावणारा रनर डोळ्यांसमोर आहे. तुमची वेळ वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील. सोळा आठवडे मागे मोजले की सप्टेंबरची अखेर येते.

सुरू करण्याआधी

गेले दोन महिने आठवड्याला २० ते २५ किलोमीटर होत असतील आणि १० किलोमीटर न थांबता जमत असतील, तरच हे वेळापत्रक घ्या. नाहीतर आधी दोन महिने नुसतं सावकाश धावा. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना विचारून ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या. महिलांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासावं, शाकाहारी मंडळींनी बी-१२. लोह कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम लागतच राहतो आणि माणूस उगाच स्वतःच्या मेहनतीला दोष देत बसतो.

पायरी १: आजची ताकद मोजा

वेळापत्रक सुरू करायच्या आधी एकदा १० किलोमीटर जोर लावून धावा. मैदानावर ४०० मीटरचा ट्रॅक असेल तर सर्वांत आतल्या लेनमधून २५ फेऱ्या. आलेल्या वेळेला २.२ ने गुणलं की हाफ मॅरेथॉनची साधारण वेळ मिळते. पीटर रिगेल या अमेरिकी अभियंत्याच्या सूत्राचं हे सोपं रूप. ६३ मिनिटं ३० सेकंदांना २ तास २० मिनिटं, साधारण ६१:१५ ला २:१५. अट एकच, लांब पल्ल्याचा सराव झालेला हवा.

सरावाचे सगळे पेस या आजच्या वेळेवरून ठरवायचे, हव्या असलेल्या वेळेवरून नाही. सप्टेंबरमध्ये यवतेश्वरचा घाट चढून-उतरून सातारा हिल हाफ मॅरेथॉन केली असेल, तर ती वेळही इथे धरू नका. घाटातली वेळ सपाट रस्त्याच्या हिशेबाला चालत नाही.

पायरी २: सावकाश धावायला शिका

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. २:२० वाल्या रनरचा इझी पेस ७:३० ते ८:०० असायला हवा, पण बहुतेक जण रोज ६:५० ने धावतात. तो वेग ना धड सावकाश, ना धड जोराचा. पाय रोज थोडे थोडे थकत जातात, आठवड्यातल्या खऱ्या मेहनतीच्या दिवशी ताकद उरत नाही आणि तीन महिन्यांनी वेळ जिथल्या तिथे.

सावकाश धावण्यात शरीरात बरंच काही घडत असतं. स्नायूंभोवती रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, इंधन म्हणून चरबी वापरण्याची सवय लागते. यासाठी वेगापेक्षा वेळ लागतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंकडून आधी भरपूर अंतर धावून घेत आणि वेगाचं काम नंतर देत. त्यांच्या पीटर स्नेलनं १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. ज्याची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते, त्यालाही लांब पल्ल्याचा पाया लागला. आपली तर सव्वादोन तासांची आहे.

पेस बरोबर आहे का हे बोलून बघा. शेजारच्याला कालच्या ऑफिसातली हकिगत पूर्ण वाक्यांत सांगता आली पाहिजे. एकटे असाल तर एखादा अभंग मोठ्याने म्हणा. दर तीन-चार शब्दांना श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, चढावर चाला. मनगटावरच्या घड्याळाने मोजलेले हृदयाचे ठोके घामात बऱ्याचदा चुकतात. ‘२२० वजा वय’ हे कमाल ठोक्यांचं सूत्रही माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांनी सहज फसतं. बोलण्याची कसोटी त्यापेक्षा भरवशाची.

ऑक्टोबर हीटमध्ये हाच पेस आणखी १५ ते ३० सेकंदांनी मंदावेल. रक्त स्नायूंबरोबर कातडी थंड करायलाही वळवावं लागतं, म्हणून ठोके चढतात. घाबरू नका, घड्याळ झाका आणि श्वासावर धावा. थंडी पडली की तेच श्रम जास्त वेग देतात.

पायरी ३: आठवडा बांधा

मंगळवारी इझी, गुरुवारी मेहनतीचा दिवस, शनिवारी छोटा इझी, रविवारी लाँग रन. पहिल्या आठवड्यात ५, ६, ३ आणि १२, मिळून २६ किलोमीटर. अकराव्यापर्यंत ८, ९, ५ आणि १८, म्हणजे ४०. त्यापुढे वाढवायचं नाही.

रविवारचा पल्ला असा वाढवा: १२, १३, १४, मग १० वर उतरा. १४, १५, १६, मग १२. १६, १७, १८, मग १३. तेराव्या आठवड्यात १८, चौदाव्यात १९, पंधराव्यात १२, सोळाव्यात शर्यत. दर चौथ्या आठवड्यात आठवड्याचं एकूण अंतरही पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी करायचं. उत्साहाच्या भरात हा हलका आठवडा गाळू नका. सरावाचा फायदा विश्रांतीतच अंगी लागतो. चौथा आठवडा दिवाळीशी जुळवता आला तर उत्तम, फराळही होतो आणि पायही मोकळे होतात. नवरात्राचे उपवास असतील तर त्या दिवसांत मेहनतीचा दिवस बदलून इझी करा, आणि निर्जळी उपवासाला लाँग रन अजिबात नको.

डेंग्यू-चिकुनगुनियाच्या दिवसांत ताप आला तर धावणं बंद. ताप जाऊन अंगदुखी पूर्ण थांबल्यावर, जितके दिवस ताप होता तितके दिवस तरी नुसतं चाला आणि हळू धावा. चिकुनगुनियानंतर सांधे दुखत असतील तर डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय नको.

पायरी ४: गुरुवार

पहिले चार आठवडे इझी रनच्या शेवटी २० सेकंदांच्या सहा भराऱ्या, मध्ये मिनिटभर चालणं. भरारी म्हणजे जीव तोडून पळणं नव्हे. पावलं हलकी, खांदे सैल, वेग ८०-८५ टक्के.

पाचव्या आठवड्यापासून टेम्पो, म्हणजे जोराचा पण झेपणारा एकसारखा वेग. आधी १५ मिनिटं सावकाश, मग ८ मिनिटं ६:२० ते ६:२५ ने, तीन मिनिटं हळू, पुन्हा ८ मिनिटं, शेवटी १० मिनिटं हळू. आठव्या आठवड्यापर्यंत २ वेळा १२ मिनिटं, बाराव्यापर्यंत सलग २५. टेम्पोत तीन-चार शब्दांचं वाक्य जमतं, गप्पा जमत नाहीत. संपल्यावर ‘अजून पाच मिनिटं जमली असती’ असं वाटलं तर पेस बरोबर होता. वाकून गुडघे धरावे लागले तर तुम्ही शर्यत धावलात आणि त्याची किंमत रविवारी मोजाल.

पंधरा दिवसांतून एकदा टेम्पोऐवजी चढ घ्या: ६० ते ९० सेकंदांचा चढ सहा ते आठ वेळा, उतरताना चालत. चढावर पाऊल आखूड, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडचा चढ उत्तरार्धात येतो. त्या वर्षीचा मार्गाचा नकाशा आधी पाहून ठेवा.

पायरी ५: रविवारच्या लाँग रनमध्ये खाणं-पिणं बसवा

अडीच तासांच्या वर लाँग रन नेऊ नका, १९ किलोमीटरला तेवढे पुरतात. दहाव्या आठवड्यापासून एक रविवार सोडून एक शेवटचे ३ ते ५ किलोमीटर ६:२४ ने धावा, हव्या असलेल्या वेळेचा पेस सरावात एवढाच. थकलेल्या पायांना शर्यतीचा पेस ओळखीचा होतो.

किती प्यायचं ते वजनकाट्याला विचारा. धावण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर धावा, घाम पुसून पुन्हा वजन करा. ७०० ग्रॅम घटले आणि वाटेत ३०० मिली प्यायलात, तर ताशी एक लिटर घाम गेला. तो सगळा भरून काढायची गरज नसते, निम्मा-पाऊण पुरतो. घामापेक्षा जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घटतं आणि ते कोरड पडण्याहून घातक आहे. धावताना वजन वाढलं तर तुम्ही जास्त पीत आहात.

खाणं ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका एनर्जी जेलमध्ये (धावताना खायच्या गोड लगद्याच्या पुडीत) साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. छोटे बिया काढलेले चार खजूरही तेवढेच देतात. पहिला घास ४० मिनिटांना, मग दर ३५-४० मिनिटांनी, जेल असेल तर साध्या पाण्याबरोबर. जेलवर वरून गोड सरबत प्यायलं की पोटात कळ येते, कारण एवढी साखर धावत्या पोटाला एकदम पेलत नाही.

पायरी ६: आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं व्यायाम

सोमवारी आणि शुक्रवारी घरीच करा. स्क्वॉट, लंजेस, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक. पण वेळ नसेल तर सगळं सोडून एक करा: जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, कठडा धरा, टाचा मोजून दोन आकड्यांत वर, तीन आकड्यांत पायरीच्या खाली. १५ वेळा, तीन फेऱ्या. एक फेरी गुडघे सरळ ठेवून, एक किंचित वाकवून, कारण वाकल्यावर पोटरीचा आतला स्नायू कामाला लागतो. तिसरी जमली तर एका पायावर. प्रत्येक पावलाचा भार पोटरीवर येतो आणि रनर तिलाच सर्वांत कमी बळ देतात.

दुखलं तर

दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं, चाल न बदलणारं आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं नसलं, तर चालेल. लंगडत धावायचं नाही. नडगी लांबभर दुखत असेल तर अंतर आणि वेग कमी करा. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्या, धावणं थांबवा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्या पावलाला टाच बोचते, ते तळव्याच्या पडद्याचं दुखणं. अनवाणी चालणं बंद करा, घरातही मऊ चप्पल घाला.

एकाच बाजूचा खुबा किंवा गुडघा दुखत असेल तर रस्त्याकडे बघा. आपले डांबरी रस्ते कडेला उतरते असतात, रोज एकाच कडेने धावलं की एक पाय कायम खाली पडतो. समोरून येणाऱ्या गाड्या दिसाव्यात म्हणून उजव्या कडेने धावणं सुरक्षितच, पण आठवड्यातले दोन दिवस बागेत किंवा मैदानात धावा, आणि तिथे फेरीची दिशा बदला.

शूज ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात. नवे संध्याकाळी घ्या, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. शर्यतीचे शूज आधी ५० किलोमीटर तरी वापरलेले असावेत.

शेवटचे दोन आठवडे आणि शर्यत

पंधराव्या आठवड्यात नेहमीच्या ७० टक्के अंतर, सोळाव्यात शर्यत सोडून १२ ते १५ किलोमीटर. वेग तोच, फक्त मात्रा कमी: मंगळवारी २ वेळा ६ मिनिटं टेम्पो पुरे. या दिवसांत पाय जड वाटतात आणि नसलेली दुखणी जाणवतात. त्या घाईत जादा लाँग रन मारू नका, त्याचा फायदा शर्यतीपर्यंत पोचत नाही, थकवा मात्र पोचतो.

आदल्या रात्री लवकर वरण-भात खा. कोशिंबीर आणि उसळ नको. शर्यत पहाटे पाचच्या आसपास सुटते, म्हणून साडेतीनला केळं आणि मध लावलेला ब्रेड. सरावाच्या रविवारी यातलं जे पचलं, तेच.

पहिले ३ किलोमीटर ६:३५ ने. गर्दी, गार हवा आणि ताजे पाय यांमुळे हा वेग फार हळू वाटेल, वाटू द्या. पुढचे १३ किलोमीटर ६:२४ ने. सोळाव्या किलोमीटरच्या पाटीला घड्याळात १:४२:५७ दिसायला हवं. उरलेल्या ५.१ किलोमीटरला ६:१७ लागतात. चढावर सेकंद वाचवायला जाऊ नका, श्वास सारखा ठेवा, उतारावर ते परत मिळतात.

घड्याळाच्या अंतरावर विसंबू नका. मार्ग मोजताना वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतराची सर्वांत आखूड रेषा धरतात. गर्दीत ती कुणालाच मिळत नाही, म्हणून शेवटी घड्याळ २१.३ दाखवतं. त्या हिशेबाने घड्याळातला सरासरी पेस ६:२० हवा. ऑटो लॅप (घड्याळाची दर किलोमीटरची आपोआप नोंद) बंद करा आणि प्रत्येक पाटीला हाताने बटण दाबा.

शर्यतीनंतर पाच ते सात दिवस धावणं नाही, फक्त चालणं. पहिली धाव २० मिनिटांची, घड्याळाशिवाय. पुढचा १० किलोमीटरचा जोर महिन्याभराने लावा आणि त्या वेळेला पुन्हा २.२ ने गुणा.