‘बाय’ वापरताना या चुका टाळा

इंग्रजीतल्या ‘बाय’ला मराठीत कधी ‘-ने’, कधी ‘-कडून’, कधी ‘-पर्यंत’, कधी ‘शेजारी’ म्हणावं लागतं. उलट दिशेने जाताना घोळ होतो, आणि सगळ्यात महागात पडतो तो ‘पर्यंत’चा घोळ.

‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत सुट्टी आहे’, दोन्हीकडे आपलं ‘पर्यंत’ने भागतं. इंग्रजीत भागत नाही. फॉर्म एकदाच भरायचा, सोमवारी भरलात तरी चालतो. तिथे ‘बाय फ्रायडे’. सुट्टी शुक्रवार संपेस्तोवर चालूच असते. तिथे ‘टिल फ्रायडे’. ‘सबमिट द फॉर्म टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत फॉर्म देतच राहा! शंका आली की क्रियापदाला ‘-त राहा’ लावून बघा. ‘वाट बघत राहा’ जमतं, म्हणून ‘टिल’. ‘फॉर्म भरत राहा’ हास्यास्पद वाटतं, म्हणून ‘बाय’.

‘बाय फ्रायडे’मध्ये सहसा शुक्रवार धरतात, ‘बिफोर फ्रायडे’मध्ये धरत नाहीत. ऑफिसच्या मेलमध्ये वाद नको असेल तर ‘बाय ५ पीएम ऑन फ्रायडे’ असं वेळेसकट लिहा. ‘बाय द टाइम आय विल रीच’ हीसुद्धा नेहमीची चूक. गोष्ट पुढची असली तरी इथे ‘विल’ येत नाही: ‘बाय द टाइम आय रीच’.

‘बाय बस’, ‘बाय कार’ ठीक. पण मध्ये ‘माय’, ‘हिज’ आलं की ‘इन माय कार’. पायी जाणं ‘ऑन फूट’. हत्याराला ‘विथ’, करणाऱ्याला ‘बाय’: ‘कट विथ अ नाइफ’, ‘कट बाय द कुक’.

आकड्यांत जास्त जपा. १०,००० रुपये भाडं ‘इन्क्रीझ्ड बाय २,०००’ म्हणजे ते १२,००० झालं. तेच ‘इन्क्रीझ्ड टू १२,०००’. बाय म्हणजे कितीने, टू म्हणजे कितीवर.

शाळेपासून आपण ३/४ ला ‘थ्री बाय फोर’ म्हणतो. भारतात ते कळतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये मात्र ऐकणाऱ्याला ३ रुंद, ४ लांब असं माप वाटतं, जशी आपली ‘टेन बाय ट्वेल्व्ह’ची खोली. तिथे ‘थ्री क्वार्टर्स’ किंवा ‘थ्री ओव्हर फोर’ म्हणा. गणित सांगताना तर ‘बाय’ एकटा सोडूच नका: १२ ‘डिव्हाइडेड बाय’ ३ म्हणजे ४, ‘मल्टिप्लाइड बाय’ ३ म्हणजे ३६.